विमान हे बक्षीस नव्हे

दिल्ली आणि हैदराबाद यांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून जाते. खाली राष्ट्रीय महामार्ग ४४, आणि वर विमानांचा रस्ता. केळापूर तालुक्यातलं कुठलंही लहान पोर विचारा, ते सांगेल की आभाळात पांढरी रेघ कशी उमटते, आधी विमान दिसतं आणि आवाज मागाहून येतो. हे विमान साधारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं. म्हणजे पांढरकवड्याहून पाटणबोरी जितकी लांब, त्यापेक्षा विमान जवळ. पाटणबोरीला जायला रोज गाड्या आहेत. विमानाजवळ जायला मात्र आमच्या मुलांना आधी परीक्षा द्यावी लागते, आणि त्याबद्दलच मला बोलायचं आहे.

मी एसटीचा चालक. पांढरकवड्यात नोकरी केली, इथूनच निवृत्त झालो. दिवाळी संपली की शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू व्हायचा. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांना दुसरा आधार नसतो. सहलीची ड्युटी काही जण टाळायचे, मी मागून घ्यायचो. गाडीत बसलेल्या पन्नास पोरांपैकी निम्म्यांनी हिंगणघाटच्या पुढचं जग पाहिलेलं नसायचं. बुटीबोरीचे कारखाने दिसू लागले की गाडीत एकदम शांतता व्हायची, तीही मला ओळखीची झाली होती.

पण गाडीच्या आरशातून आणखीही बरंच दिसतं. सहलीच्या कागदावर आठ-आठ ठिकाणं लिहिलेली असायची. पहाटे निघायचं, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, शिट्टी वाजली की पळत गाडीत, रात्री उशिरा परत. सगळ्यात मोलाचं ठिकाण बहुतेक वेळा दुपारी तीनला यायचं, तेव्हा लहान पोरं खिडकीला डोकं टेकून झोपलेली असायची. शिवाय ती लहान पोरंही मोजकीच. सातवीची सहल ठरलेली, दहावीची ठरलेली. पहिली-दुसरीच्या मुलांना ‘पुढच्या वर्षी’. त्यांना काय कळतं, ओकाऱ्या करतात, रडतात, आणि त्यांच्यामागे धावायला माणसं लागतात. दहा मुलांमागे एक शिक्षक हवा हा नियम योग्यच आहे, पण दोन शिक्षकी शाळेत तो पाळायचा तर सहलच निघत नाही.

अलीकडे जिल्हा परिषदांनी एक चांगलं काम सुरू केलं आहे. हुशार मुलांना निवडून दूरच्या सहलीला पाठवायचं. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीने परीक्षा घेतली आणि २५ मुलं नासासाठी, ५० मुलं इस्रोसाठी निवडली. शेतमजुराची मुलगी अमेरिकेत अवकाशयान बघायला जाते, ही बातमी वाचून मलाही भरून आलं. ती योजना बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. पण अशा बातम्यांमुळे आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसत चालली आहे, ती मला खुपते: विमान, रॉकेट, यंत्र बघायला मिळणं हे बक्षीस आहे, आधी मार्क मिळवा, मग बघा. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. आधी दाखवा, मग मार्कांचं बोला. आणि दाखवायचं ते अख्ख्या वर्गाला, तेही पहिलीत असतानाच.

हे मी हवेत बोलत नाही. माझी मुलगी लग्न होऊन गोव्यात वास्कोला गेली. तिची मुलगी तिथल्या बालवर्गात आहे. मी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा नातीच्या शाळेची पहिली सहल निघाली, आणि मुलांना सांभाळायला दोन-तीन पालक हवे होते. ‘आजोबांना पाठवते,’ असं लेकीने परस्पर सांगून टाकलं. सहल होती बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात. दाबोळी विमानतळाला लागून नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ आहे, त्यांनीच १९९८ मध्ये हे संग्रहालय उघडलं. वास्कोहून गाडीने काही मिनिटांवर. मुलं नाश्ता करून आली आणि जेवणाच्या वेळेला घरी पोचली. एवढीच सहल. कागदावर एकच ठिकाण.

बाहेरच्या मोकळ्या आवारात निवृत्त झालेली विमानं ओळीने उभी आहेत. ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उडणारी सी हॉक, फ्रेंच बनावटीचं अलिझे, सी हॅरियर, पाण्यावरही उतरणारं छोटं सीलँड, शिवाय हेलिकॉप्टरं. सी हॉक आणि अलिझे यांनी डिसेंबर १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरून जाऊन चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले होते. मी ते फलक वाचत होतो. माझी नात वाचत नव्हती, तिला अजून वाचताच येत नाही. ती आणि तिच्या मैत्रिणी तीन फुटांवरून जे दिसतं तेच बघत होत्या. चाकं. चाकांमागचा काळा पाइप. पोटाखालची सावली. पत्र्याला मारलेले रिव्हेट. आणि मुडपलेले पंख. जहाजावर जागा कमी, म्हणून सी हॉक आणि अलिझे यांचे पंख मधूनच वर दुमडता येतात. ‘आजोबा, याचे हात वर का?’ असं तिने विचारलं, तेव्हा मला उत्तर द्यायला फलकाची गरज पडली नाही. अरुंद आगारात दाटीवाटीने गाड्या लावण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

मग शेपटीखालचा आकडा दाखवला. जुनी ‘विक्रांत’ साधारण दोनशे मीटर लांब. त्यातल्याच तुकड्यावर धावतं विमान उतरवून थांबवायचं. नुसत्या ब्रेकने ते जमत नाही. म्हणून डेकवर आडवी तार ताणलेली असते आणि विमान शेपटीचा आकडा तिच्यात अडकवून थांबतं. वडकीच्या पुढे अचानक समोर आलेल्या बैलगाडीसाठी भरल्या गाडीचा ब्रेक दाबलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. मी ते हातवारे करून सांगितलं. बालवर्गातली चार-पाच पोरं माझ्याभोवती जमली आणि पुढची दहा मिनिटं एकमेकांच्या दप्तरात बोटं अडकवून ‘विमान’ थांबवत होती.

सगळ्यात मोठं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. पंख्याची चार इंजिनं, तीन शेपट्या, आणि उंच लांब पाय. आधी हे एअर इंडियाकडे होतं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरुळची राणी. तिथून ते हवाई दलाकडे गेलं, मग नौदलाकडे, आणि शेवटी इथे येऊन विसावलं. बाईंनी मुलांना एकच काम दिलं होतं: चाकं मोजा. मुलांनी बोटं धरून मोजली. पुढे दोन, मागे दोन आणि दोन. सहा. मी म्हटलं, ‘माझ्या एसटीलाही सहाच.’ नातीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तेवढ्यासाठी तीस वर्षांची नोकरी वसूल झाली. लगेच पुढचा प्रश्न आला, ‘मग याचा हॉर्न कुठाय?’

मी तिला सांगितलं, वर वाट मागायला हॉर्न वाजवून भागत नाही, खाली एक माणूस रेडिओ घेऊन बसलेला असतो, तो सगळ्यांना सांगतो कोण कुठे आहे. ‘तो कुठे बसतो?’ मी म्हटलं, ‘आपल्या गावावरून जी विमानं जातात ना, त्यांचा माणूस नागपुरात बसतो.’

गावी परतलो तेव्हा मोबाइलमधले फोटो नातवाला दाखवले. तो साधारण तिच्याच वयाचा, मुलाचा मुलगा, इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, थेट खाली चाकांवर नेला आणि म्हणाला, ‘आबाजी, याले किती टायर हायेत?’

नात मोजून आली होती. नातू फोटोत मोजत होता आणि मागची चाकं त्याला नीट दिसत नव्हती. दोघांचं डोकं सारखं चालतं, प्रश्नही सारखे पडतात. फरक आहे तो पत्त्याचा. एकीच्या घरापासून संग्रहालय काही मिनिटांवर, दुसऱ्याच्या घरापासून गोवा दोन दिवसांच्या वाटेवर. मग आपण त्याला काय सांगतो? नीट अभ्यास कर, सातवीपर्यंत पोच, तालुक्यात पहिला ये, जिल्ह्यात निवडला जा, मग तुला विमान दाखवू. नातीला कुणी असं काही सांगितलं नव्हतं. तिने फक्त डबा आणि पाण्याची बाटली घेतली होती.

विमानं बघायला गोवा किंवा दिल्लीच गाठावी लागावी, इतका विदर्भाचा विमानांशी संबंध तुटका आहे का? मुळीच नाही. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवा आठवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून विमानं संध्याकाळनंतर सुटायची, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. एसटीत आम्ही जसा पार्सलांचा डाव जंक्शनवर लावायचो, तसा अख्ख्या देशाच्या पत्रांचा डाव नागपुरात लागायचा. आज हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे. मिहानमध्ये विमानांची दुरुस्ती होते, सुटे भाग बनतात. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक तयार होतात. आणि हे सगळं आमच्या पहिलीतल्या मुलासाठी कुंपणापलीकडे.

जे आपोआप हाती आलं होतं, तेही आपण वापरलं नाही. १९९१ मध्ये एका खासगी कंपनीचं बोइंग ७२० जातीचं विमान बिघाड होऊन नागपूरला उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. त्या जातीची जगात फक्त १५४ विमानं बनली होती. ते धावपट्टीच्या बाजूला २४ वर्षं उन्हापावसात उभं राहिलं. २०१५ मध्ये ते तिथून हलवलं, तेव्हा चर्चा झाली ती अडथळा दूर झाल्याची. या २४ वर्षांत विदर्भातल्या मुलांच्या दोन पिढ्या पहिलीतून दहावीला गेल्या. मालकी, थकबाकी, सुरक्षेचे नियम या अडचणी खऱ्या असतील, पण त्या सोडवून ते विमान कुंपणाबाहेर आणून मुलांसाठी उभं करावं, यासाठी कुणी जीव टाकला असं दिसलं नाही.

‘विक्रांत’चंही तेच. १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाल्यावर ते जहाज मुंबईत संग्रहालय म्हणून उभं होतं. डेकवर खरी विमानं होती. मुलांनी ते पाहिलं. मग सुरक्षेच्या कारणावरून ते २०१२ मध्ये बंद झालं आणि सांभाळायला पैसे नाहीत म्हणून २०१४ मध्ये भंगारात निघालं. ज्या राज्याने अख्खं विमानवाहू जहाज हातचं घालवलं, ते राज्य आता निवडक मुलांना परदेशी पाठवतं, यात काहीतरी वाकडं आहे.

आता लोक काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे, कारण सहलीच्या गाडीशेजारी उभं राहून मी हे सगळं ऐकलेलं आहे.

पहिलं, सहा वर्षांच्या मुलाला काय कळतं? त्याला थ्रस्ट आणि लिफ्ट कळणार नाही, हे खरं. पण सहा चाकं कळतात, दुमडलेला पंख कळतो, आकडा आणि तार कळते. विमान हे देवाघरचं नसून माणसांनी रिव्हेट मारून जोडलेलं असतं, हे त्याला ते जवळून पाहिल्यावर कळतं. पुढे आठवीच्या पुस्तकात जो धडा येईल, तो या पाहण्यावर उभा राहील. न पाहिलेल्या वस्तूवरचा धडा मुलं पाठ करतात, आणि पाठ केलेलं परीक्षेनंतर उतरून जातं.

दुसरं, सहलीच्या दिवसांत कापसाची वेचणी असते, घरात पैसा मोजूनमापून. हेही खरं. आमच्या भागात कोलाम, गोंड, परधान घरांतल्या मुलांची सहलीची वर्गणी हा खरा अडसर असतो. मूल ‘मले नाही जायचं’ म्हणतं, आणि गुरुजींना कळतं की घरून नाही म्हटलं आहे. म्हणूनच मी म्हणतो, पहिली-दुसरीची सहल वर्गणीवर ठेवूच नका. आठ ठिकाणांची, दोन दिवसांची, मुक्कामाची सहल महाग पडते. एका ठिकाणाची, एका दिवसाची, निम्म्या भाड्याच्या एसटीतली सहल ग्रामपंचायत आणि गावातली चार दुकानं मिळूनही उचलू शकतात.

तिसरं, ही युद्धाची यंत्रं, लहान मुलांना कशाला? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गोव्यातल्या त्या बाईंनी बॉम्ब ठेवलेल्या दालनात मुलांना फार रेंगाळू दिलं नाही, आणि तो शहाणपणा होता. मोठी झाल्यावर मुलं चितगावही वाचतील, आणि युद्धात कोण मेलं तेही वाचतील. पहिल्या भेटीत यंत्र पुरेसं आहे. शिवाय सगळी विमानं लढाऊ नसतात. टपाल नेणारी होती, पूरग्रस्तांना अन्न टाकणारी आहेत, आणि वेरुळचं नाव लावून प्रवासी नेणारीही होती.

चौथं, नागपूर लांब पडतं. पांढरकवड्याहून साधारण दीडशे किलोमीटर, तीन तास. करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. मोठ्या मुलांना हे काहीच नाही. सहा वर्षांच्या मुलाला जाऊन-येऊन सहा तास जास्तच. इथेच सरकारकडे मागायचं आहे, आणि जे मागायचं ते अवघड नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने मिग-२१ विमानं निवृत्त केली. १९६३ पासून ती सेवेत होती. निवृत्त विमानं राज्यांना, विद्यापीठांना, शाळांना प्रदर्शनासाठी देण्याची हवाई दलाची जुनी पद्धत आहे. म्हणूनच देशभर चौकाचौकांत खांबावर चढवलेली विमानं दिसतात. खांबावरचं विमान शोभेला चांगलं असतं, पण मुलाच्या कामाचं नसतं. पंधरा फूट उंच खांबावर चढवलं की त्याची चाकं पुन्हा दिसेनाशी होतात. विदर्भासाठी एक विमान मागा आणि ते जमिनीवर उभं करा. छप्पर घाला, बसकं कुंपण घाला, कॉकपिटपर्यंत जाणारी एक शिडी लावा. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात १९९२ पासून शाळांच्या सहली येतात, त्यांना मुलं सांभाळायची सवय आहे, त्यांना विचारा. यवतमाळजवळ भारीला धावपट्टी आहे, तिथून रोजची प्रवासी विमानं काही उडत नाहीत. त्या आवारात एक विमान उभं राहिलं, तर आमच्या तालुक्यातलं मूल दीड-दोन तासांत पोचून दुपारपर्यंत घरी येईल.

आणि तेही जमत नसेल, तर विमानच गाडीत घाला. विज्ञान संग्रहालयांच्या फिरत्या प्रदर्शनाच्या बसगाड्या देशात १९६५ पासून खेडोपाडी जातात. त्या बसच्या बाजूच्या पत्र्याला खिडक्या करून आत प्रयोग मांडलेले असतात. एक बस फक्त उडण्यावर करा: एक कापून उघडं केलेलं इंजिन, विमानाचं एक खरं चाक, पंखाचा एक तुकडा, खुर्चीसह कॉकपिट. केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात ती बस उभी करा आणि बघा रांग कुठवर जाते. तालुक्यातल्या शेवटच्या कोलाम पोडावर ती न्यायला चालक मिळत नसेल तर मला सांगा. निवृत्त झालो असलो तरी लायसन्स चालू आहे.

शिक्षण विभागाकडे मागणं आणखी साधं आहे. पहिली-दुसरीच्या सहलीसाठी वेगळं परिपत्रक काढा, त्यात तीन ओळी पुरेत. एक दिवस, एक ठिकाण, अख्खा पट. दोन शिक्षकी शाळांसाठी जवळच्या शाळांचे शिक्षक आणि गावातले आजी-आजोबा सोबतीला मोजायला परवानगी द्या. शेतातून रिकामी झालेली आणि नोकरीतून उतरलेली आमच्यासारखी माणसं गावागावांत बसलेली आहेत, त्यांना पोरांचे हात धरता येतात.

निवडलेली मुलं नासाला जावोत, जरूर जावोत. पण निवडणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. सातवीत जो निवडला जातो, त्याच्या घरी बहुतेक वेळा कुणीतरी त्याला आधीच काहीतरी दाखवलेलं असतं. ज्याला कुणीच काही दाखवलं नाही, तो त्या परीक्षेच्या अर्जापर्यंतही पोचत नाही, आणि आपण म्हणतो त्याला आवड नव्हती. तेव्हा परीक्षा घ्यायचीच असेल तर मुलांची नको. दरवर्षी मार्चमध्ये प्रत्येक तालुक्याला एकच प्रश्न विचारा: यंदा तुमच्याकडच्या किती शाळांच्या पहिलीचा अख्खा पट एकदा तरी सहलीच्या गाडीत बसला? त्या परीक्षेत जो तालुका पहिला येईल, त्याच्या अधिकाऱ्यांना खुशाल विमानाने फिरवून आणा.